पुठ्ठ्यातला रुपया

हितेश नागवेकरचं रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरावर जाळी, दोर आणि इंजिन ऑइलचं दुकान होतं. वडिलांनी घातलेलं, चांगलं चालणारं. पण कुणी "काय करता?" असं विचारलं तर हितेश दुकानाचं नाव काढत नसे. "मी नाणेसंग्राहक," असं सांगे, आणि समोरच्याला ते नीट कळलं नाही तर त्याला बरंच वाटे, कारण मग समजावून सांगायला मिळे. होड्यांवरची तांडेल मंडळी दोर घ्यायला येत ती दोराबरोबर शिवराई नाण्याचा इतिहासही घेऊन जात. त्यातल्या काहींनी पुढे दुकान बदललं. हितेश म्हणे, लोकांना संस्कृतीची आवड राहिली नाही.

त्याच्या संग्रहात भोकाचे पैसे होते, कमळाचं चित्र असलेले वीस पैसे होते, आखातात नोकरीला गेलेल्या नातेवाइकांनी खिशातून काढून दिलेली चिल्लर होती. म्हणजे रत्नागिरीतल्या कुठल्याही घरातल्या कपाटाचा खालचा खण उपडा केला तर जे निघेल तेच. अपवाद फक्त एका नाण्याचा. सुरतेच्या टांकसाळीतला, मोगली अमदानीतला चांदीचा जाडजूड रुपया. तो हितेशची आजी गोदा हिच्याकडून त्याच्या आईकडे आला होता. आई, म्हणजे कमळा, तो देव्हाऱ्यात ठेवायची आणि दर दिवाळीला चिंच लावून लख्ख घासायची. हितेश नाणेसंग्राहक झाला त्या वर्षी त्याने तो देव्हाऱ्यातून उचलला आणि चिंचेने नाण्याचं काय वाटोळं होतं यावर आईला एक व्याख्यान दिलं. कमळाने ते ऐकून घेतलं आणि त्या जागी देवापुढे एक सुपारी ठेवली.

गावात नाणेप्रेमी मंडळ होतं. दर स्वातंत्र्यदिनाला वाचनालयाच्या सभागृहात मंडळाचं प्रदर्शन भरे. मागच्या वर्षी हितेशने आपली नाणी निळ्या मखमलीवर, स्टीलच्या ताटात मांडली होती. शेजारच्या टेबलावर विनीत शिवलकरची नाणी होती. विनीत कॉलेजात इतिहास शिकवायचा. त्याचं प्रत्येक नाणं पुठ्ठ्याच्या चौकोनी होल्डरमध्ये होतं. मधोमध पारदर्शक गोल खिडकी, तिच्यातून नाण्याच्या दोन्ही बाजू दिसत, आणि पुठ्ठ्यावर बारीक अक्षरात नाव, साल, टांकसाळ. प्रमुख पाहुणे विनीतच्या टेबलापाशी वाकून उभे राहिले, वाचत राहिले, मान हलवत राहिले. हितेशच्या ताटातलं एक नाणं त्यांनी उचललं, क्रिकेटचा टॉस करतात तसं उडवलं, आणि परत ठेवताना ताटाऐवजी चहाच्या बशीत ठेवलं. दुसऱ्या दिवशी पेपरात विनीतचा फोटो आला. त्यात हितेशही होता, पण कोपरापुरता.

त्यानंतर काही दिवसांनी हितेशने सहज भेटल्यासारखं करून विनीतला कॉलेजच्या दारात गाठलं.

"सर, ते पुठ्ठ्याचे होल्डर तुम्ही कुठून मागवता? म्हणजे मला माहीत आहे, पण तुमचा अनुभव काय?"

विनीत सरळ माणूस. त्याने सगळं सांगितलं. खिडकीचा प्लास्टिक कागद चांगला हवा, स्वस्तातला मऊ प्लास्टिकचा असला तर नाण्यावर हिरवा चिकट थर धरतो. नाण्याच्या मापाचाच होल्डर घ्यायचा. पुठ्ठा दुमडून तिन्ही बाजूंनी स्टेपलरच्या पिना मारायच्या, आणि पिनांची मागची टोकं पकडीने दाबून सपाट करायची, नाहीतर शेजारचं नाणं ओरखडतं. "आणि हितेशभाऊ, नाणं परत बाहेर काढायचं झालं तर घाई नको. आधी एकेक पीन पूर्ण काढायची, मगच पुठ्ठा उघडायचा. नाणी चोरांनी कमी आणि पिनांनी जास्त खराब झाली आहेत. आपल्याकडे तर पावसाळ्याचं वेगळंच. पुठ्ठा दमट हवा पितो, पिना गंजतात."

हितेशने हे सगळं माहीत असलेल्या माणसासारखं ऐकलं आणि संध्याकाळपर्यंत दुकानात आलेल्या चौघांना स्वतःचं म्हणून सांगितलं.

होल्डरांचं पार्सल आलं तेव्हा उन्हाळा संपत आला होता. हितेशने पांढरे सुती हातमोजे चढवले आणि जेवणाच्या टेबलावर पसारा मांडला. बायको नेत्रा पिना पुरवायला बसली. घरात नवे नियम लागू झाले. नाण्यांपाशी बोलायचं नाही, थुंकीचे कण उडतात. बिनमोज्यांचा हात लावायचा नाही. आणि तळण करताना स्वयंपाकघराचं दार बंद ठेवायचं, वाफेत मीठ असतं.

"मग बांगडे काय रस्त्यावर नेऊन तळू?" नेत्राने विचारलं.

"तो तुझा प्रश्न," हितेश पुठ्ठ्याआडून म्हणाला. "आणि बोलू नकोस म्हटलं ना."

सुरती रुपया सगळ्यात शेवटी भरला गेला. हितेशने त्याच्या होल्डरला चार पिना जास्तच मारल्या. मौल्यवान वस्तू घट्ट बसलेली बरी, असं त्याचं मत पडलं.

मग प्रश्न आला जागेचा. घरात सगळ्यात कोरडी खोली मागची. तिला ओल धरणाऱ्या जांभ्या दगडाची भिंत नाही, वरून गच्ची नाही, पाऊस कुठल्याच बाजूने मारत नाही. त्या खोलीत कमळा झोपायची. हितेशने तिला विहिरीच्या अंगाची खोली दिली. "दोन-तीन महिन्यांचा तर प्रश्न आहे, आई," असं तो म्हणाला. कमळाने उशी उचलली आणि गेली. आयुष्यभर मिरकरवाड्याच्या बाजारात मासे विकून तिने हे घर बांधण्यात हातभार लावला होता, पण तो विषय ती काढत नसे. त्यामुळे दुसऱ्यांच्याही तो लक्षात राहत नसे.

मागच्या खोलीत रॅक आलं, रॅकवर प्लास्टिकचे डबे आले, डब्यांत होल्डर उभे राहिले, आणि पाऊस सुरू व्हायच्या आठवडाभर आधी हवा सुकवणारं मशीन आलं. पाठोपाठ भिंतीवर दमटपणा मोजायचं मीटर लागलं. पंचेचाळीस टक्के, त्याच्या वर काटा जाता कामा नये. दाराला घरातलंच जुनं कुलूप लागलं. किल्ली हितेशच्या पाकिटात.

रत्नागिरीच्या आषाढात माणूसही वाळत नाही, तिथे कपड्यांची काय कथा. मिठाचं पाणी झालं, काडेपेटीतल्या काड्या मऊ पडल्या, कमरेच्या पट्ट्यांवर पांढरी लव आली. समुद्र बंद, होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या, दुकानात गिऱ्हाईक नाही. हितेश दिवसभर दुकानात बसून मोबाइलवर परदेशी संग्राहकांचे व्हिडिओ बघे आणि संध्याकाळी घरी आल्यावर चप्पल काढायच्या आधी मीटर बघे. विहिरीकडच्या खोलीत भिंतीला ओल फुटली होती. कमळाचा खोकला सुरू झाला होता, आणि तो आधी जेवणाच्या वेळी, मग सारखाच ऐकू यायला लागला.

एका संध्याकाळी तिने विचारलं, "हितेश, ता तुजा मशीन घटकाभर माज्या खोलीत लावता येईल काय रे? गोधडी पण भिजल्यासारखी लागते."

हितेशने मोबाइल बाजूला ठेवला. समजावून सांगायची संधी तो सहसा सोडत नसे. "आई, तसं नसतं. मशीन हलवलं की इथला काटा वर जातो. पुठ्ठा एकदा दमट झाला की पिना गंजल्याच. पिना गंजल्या की डाग नाण्यावर. माणसाचं शरीर दमटपणाला सरावतं, धातूचं तसं नाही."

"हां," कमळा म्हणाली. "धातूचा नाजूक असता."

नेत्रा भाकरी थापत होती. तिने मान वर केली नाही, पण त्या भाकरीला जरा जोरात थापट्या बसल्या.

त्यानंतरच्या आठवड्यात मीटर बिघडलं. म्हणजे हितेशला तसं वाटलं. संध्याकाळी काटा साठावर दिसे, रात्रभरात खाली येई, आणि दुसऱ्या संध्याकाळी पुन्हा साठावर. मशीनची पाण्याची टाकी एका दिवसात काठोकाठ भरे. त्याने कंपनीला फोन लावला, माणूस येऊन बघून गेला, म्हणाला मशीन उत्तम आहे, खोलीत पाणी कुठून तरी येतंय. हितेशने भिंती ठोकून बघितल्या. छताकडे बघितलं. फरशीवर आडवा होऊन कान लावला. रत्नागिरीच्या जमिनीखालून एखादा झरा नेमका आपल्या नाण्यांकडे वळला असावा, अशी शंका त्याने विनीतला फोनवर बोलून दाखवली. विनीतने ते ऐकून घेतलं. मग म्हणाला, "दार नीट बंद असतं ना?"

"किल्ली माझ्या पाकिटात असते, सर."

कुलपाला दुसरीही किल्ली होती. घर बांधलं तेव्हापासून ती स्वयंपाकघराच्या दारामागच्या खिळ्याला लटकत असे. हितेशला ते ठाऊक नव्हतं, कारण स्वयंपाकघराच्या दारामागे जायची वेळ त्याच्यावर कधी आली नव्हती.

दुसऱ्या दिवशी पाऊस असा लागला की मिरकरवाड्यात कुत्रंही दिसेना. हितेशने दुपारीच शटर ओढलं आणि घरी आला. मागच्या खोलीचं दार नुसतं लोटलेलं होतं. त्याने ते ढकललं.

रॅकपासून खिडकीपर्यंत दोरी बांधलेली होती. दोरीही दुकानातलीच, त्याने ती ओळखली. दोरीवर नेत्राच्या दोन साड्या, त्याचे स्वतःचे तीन शर्ट आणि कमळाची गोधडी. खाली चटईवर कमळा पाय पसरून झोपली होती, तोंड किंचित उघडं, खोकला नाही की काही नाही. आणि नाण्यांच्या डब्यांवर, टेबलावर, पसरलेल्या वर्तमानपत्रांवर, मशीनच्या गरम वाऱ्यासमोर, सोडे. आगोटीच्या वेळी, पावसाआधी, भरून ठेवलेली सोललेली सुकी कोळंबी, पावसात मऊ पडलेली, पुन्हा कडक व्हायला मांडलेली.

"आई, हे काय?"

कमळाने डोळे उघडले. "झोपले होते. तू उठवलंस."

"या खोलीत?"

"माजीच खोली ना ही. सवयीनं पाय वळले."

"आणि सोडे?"

"ते पण माजेच."

नेत्रा दारात येऊन उभी राहिली होती. तिच्या हातात आणखी एक सूप होतं, सोड्यांनी भरलेलं. हितेश तिच्याकडे वळला. "तू हे केलंस?"

"रोजच करते," नेत्रा म्हणाली. "तुम्ही दुकानात गेलात की उघडते, तुम्ही यायच्या आत आवरते. आज तुम्ही लवकर आलात."

"अगं, पण ही नाणी..."

"नाण्यांना कुठे हात लावला? हातमोजे घालूनच डबे सरकवते. तुमचे."

हितेशने खिडकीच्या कट्ट्यावर बघितलं. पांढरे मोजे तिथे होते, आणि ते आता पांढरे नव्हते.

त्या दुपारी तो बराच बोलला. वारसा, शास्त्र, शिस्त, जगात लोक कुठे पोचले आणि आपण कुठे आहोत, असं सगळं. कमळाने गोधडी काढून घेतली, सोडे पोत्यात भरले आणि ती विहिरीकडच्या खोलीत गेली. थोड्या वेळाने तिकडून खोकला सुरू झाला. नेत्रा म्हणाली, "ऐकू येतंय ना? की त्यालाही मीटर लावू?" हितेशने ते न ऐकल्यासारखं केलं आणि पहिला डबा उघडला.

नाणी जशीच्या तशी होती. पण पुठ्ठा प्यायला होता. प्रत्येक होल्डरला सोड्यांचा वास येत होता, जुना, मुरलेला, वाडीतल्या पोरीने सासरी जाताना पिशवीत घालून न्यावा इतका खरा. त्याने होल्डर पंख्याखाली ठेवले. टाल्कम पावडर भुरभुरली. मग कुणीतरी सांगितलं म्हणून खोलीत उदबत्तीचा पुडा जाळला. आता होल्डरांना सोड्यांचाही वास येत होता आणि मोगऱ्याचाही. शेजारच्यांची मांजर खिडकीच्या गजाबाहेर येऊन बसायला लागली.

स्वातंत्र्यदिन जवळ आला होता. यंदाच्या प्रदर्शनात मधलं टेबल हितेशचं होतं, त्यासाठी त्याने वाचनालयाच्या नम्रता मॅडमकडे कितीतरी खेपा घातल्या होत्या. त्याने नवे होल्डर मागवले. पाऊस, घाट, दरडी असं करत पार्सल महामार्गावरच्या हातखंब्यापर्यंत आलं आणि तिथे अडून बसलं. शेवटी प्रदर्शनाच्या आदल्या सकाळी हितेश स्वतः मोटरसायकलवर जाऊन, रेनकोटाच्या आत छातीशी धरून ते घेऊन आला.

वेळ थोडा होता. विनीतने सांगितलेलं त्याला आठवत होतं, एकेक पीन पूर्ण काढायची. पहिल्या दहाबारा नाण्यांना त्याने तसं केलंही. मग नखं दुखायला लागली. मग तो पुठ्ठ्याचा कोपरा धरून ओढायला लागला. भोकाचे पैसे सुटले, वीस पैसे सुटले, दुबईची चिल्लर सुटली. सुरती रुपयाचा होल्डर मात्र सुटेना, कारण त्याला चार पिना जास्त होत्या. हितेशने दोन्ही हातांनी धरून हिसका दिला. अर्धी निघालेली पीन खिडकीचा कागद फाडून आत घुसली आणि रुपयाच्या तोंडावरून कडेपासून मध्यापर्यंत गेली. आवाज फार नव्हता.

त्याने रुपया उजेडात धरला. काळपट, शांत चांदीवर एक पांढरी, चमकती रेघ. तीन-साडेतीनशे वर्षं कुणी कुणी हाताळलेलं नाणं. सुरतेचे व्यापारी, खलाशी, त्याची आजी, कोपऱ्यात चिंच घेऊन बसणारी आई. या सगळ्यांच्या हातून जे झालं नव्हतं ते त्याने हातमोजे घालून केलं होतं. मोजा काढून त्याने अंगठ्याने रेघ पुसायचा प्रयत्न केला. अंगठा मळला, रेघ राहिली. तो उठून स्वयंपाकघरात गेला.

"चिंच आहे का?"

नेत्राने त्याच्याकडे बघितलं. "कशाला?"

"अशीच. हवी होती."

तिने बरणी पुढे केली. हितेश मोरीपाशी उकिडवा बसला आणि घासायला लागला. सगळा रुपया उजळला, तसा ओरखडाही उजळला, आणि आता तो दारातूनही दिसायला लागला. दारात कमळा उभी होती. ती खोकली आणि आत गेली.

जेवणानंतर हितेशला मार्ग सापडला. मागे कधीतरी त्याने ऐकलं होतं की पूर्वी सराफ लोक रुपयाची चांदी खरी की खोटी बघायला त्यावर खुणा करत. ठसे मारत, छिन्नीने टोचत. अशा नाण्यांना सराफी खुणेची नाणी म्हणतात. हितेशने नवा होल्डर घेतला, रुपया आत ठेवला, आणि पुठ्ठ्यावर आपल्या उत्तम अक्षरात लिहिलं: "सुरत टांकसाळ. सराफी खूण, अत्यंत दुर्मिळ." लिहून झाल्यावर तो ते पुन्हा पुन्हा वाचत राहिला. तिसऱ्यांदा वाचताना त्याला ते बरंचसं पटलं.

प्रदर्शनाला गर्दी होती, कारण झेंडावंदनानंतर जिलेबी तिथेच वाटायची होती. प्रमुख पाहुणे म्हणून मिरजोळ्याच्या औद्योगिक वसाहतीत कारखाना असलेले एक गृहस्थ आले होते. नम्रता मॅडमनी यंदा एक नवीन गोष्ट ठरवली होती. ज्या घरांतून जुनी नाणी आली त्या घरांतल्या वडीलधाऱ्यांचा सत्कार. त्यामुळे कमळा पहिल्या रांगेत बसली होती, ठेवणीतलं लुगडं नेसून, शेजारी नेत्रा.

पाहुणे मधल्या टेबलापाशी थांबले. "सराफी खूण म्हणजे काय?"

हितेश याच प्रश्नासाठी जन्माला आला होता. त्याने घसा साफ केला. सुरतेचं बंदर, तिथले सराफ, भेसळीची भीती, खरेपणाची परीक्षा. "हा घाव म्हणजे या रुपयाला मिळालेलं प्रमाणपत्र आहे, साहेब. हा घाव नसता तर हा एक साधा रुपया असता." लोक जिलेबीचे द्रोण घेऊन जवळ सरकले. कुणीतरी मोबाइल वर धरला. पाहुण्यांनी मान हलवली आणि होल्डर नाकाजवळ नेऊन बारकाईने बघितला. हितेशच्या कपाळावर घाम आला, पण हा होल्डर नवा होता.

विनीत गर्दीतून पुढे आला. खिशातून भिंग काढून त्याने रुपया निरखला. मग भिंग खाली केलं.

"ताजा दिसतो," तो हळू म्हणाला.

"स्वच्छ ठेवलाय म्हणून, सर."

"सराफ ठसा मारत, हितेशभाऊ. असं फरफटत नेत नसत."

"हा सराफ जरा वेगळा असेल," हितेश म्हणाला, आणि त्याचा आवाज त्याच्याच कानाला बारीक लागला.

माइकपाशी उभ्या असलेल्या नम्रता मॅडमना यातलं काही कळलं नव्हतं. त्या उत्साहात कमळासमोर आल्या, शाल खांद्यावर घातली, नारळ हातात दिला आणि माइक पुढे केला. "आजी, हा रुपया तुम्ही इतकी वर्षं सांभाळलात. ही सराफी खूण तुम्ही पहिल्यांदा कधी बघितलीत? आणि कुठला हो हा सराफ?"

कमळाने आधी नम्रताकडे बघितलं, मग टेबलाकडे, मग टेबलामागे उभ्या असलेल्या मुलाकडे. तिला खोकला आला. तो पुरा होईपर्यंत ती थांबली, आणि तोपर्यंत सगळं सभागृहही थांबलं.

"सराफ लांबचा नाय," ती म्हणाली. "आमच्याच घरात ऱ्हायला हाय."

लोक हसले. आजी गमतीशीर आहेत, असं सगळ्यांचं मत पडलं. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या आणि म्हणाले, म्हणजे सराफाचंच घराणं दिसतंय. नेत्राने पदर तोंडाला लावला. विनीतने भिंग पुसून खिशात ठेवलं आणि तो आपल्या टेबलाकडे निघून गेला.

तिघं रिक्षाने घरी आली. उतरल्यावर कमळा पुढे झाली, चालत चालत मागच्या खोलीच्या दारापाशी गेली आणि हितेशकडे न बघता म्हणाली, "कुलूप काढ."

हितेशने पाकीट काढलं, किल्ली काढली, कुलूप काढलं. संध्याकाळपर्यंत रॅक विहिरीकडच्या खोलीत गेलं, खाट मागच्या खोलीत आली. मशीनही मागच्या खोलीतच राहिलं. "घटकाभर तिकडे लावू का?" असं विचारायचं हितेशच्या ओठांवर आलं होतं, पण कमळा शाल पांघरून झोपली होती, आणि तिला उठवायची हिंमत त्याला झाली नाही.

पेपरात या वेळी फोटो त्याचा आला, पूर्ण, दोन्ही कोपरांसकट. खाली मथळा होता सराफी खुणेच्या दुर्मिळ रुपयाचा. हितेशने कात्रण दुकानात काचेखाली लावलं. दोर घ्यायला आलेल्यांना आता सराफांचा इतिहास ऐकावा लागे. सांगता सांगता त्यात नवीन माहिती येऊ लागली. सराफाचं नाव आलं, त्याची पेढी आली. विहिरीकडच्या खोलीत पिना गंजायला लागल्या होत्या, त्याकडे मात्र त्याचं फार लक्ष नव्हतं.

श्रावण सरताना लांज्याहून एक गृहस्थ घरी आले. रघू गुरव नाव, काजूचा लहानसा कारखाना. कात्रण वाचून आले होते. ते खुर्चीच्या कडेला बसले आणि रुमालाची गाठ सोडून त्यांनी एक रुपया काढला. "आमच्या वडिलांचा. यावर पण बारीक बारीक ठसे आहेत. मला काय कळत नाही. तुम्ही जाणकार, म्हणून आलो."

हितेशने मोजे घातले, भिंग लावलं. रुपया सुरतेचाच होता. त्याच्यावर ठसे होते, लहान, नेटके, एक फुलासारखा, एक चंद्रकोरीसारखा, कडेला दोन टिंबं. शेकडो वर्षं जुने, चांदीइतकेच काळवंडलेले. त्यांत ओरखडा एकही नव्हता. हितेशने बराच वेळ बघितलं. मग भिंग खाली ठेवलं.

"ह्या सराफी खुणा नव्हेत," तो शेवटी म्हणाला. "खूण अशी नसते. ती लांब असते, स्पष्ट असते. माझ्याकडे आहे, बघा." आणि त्याने आपला होल्डर पुढे केला.

रघू गुरवांनी तो आदराने दोन्ही हातांत धरून बघितला. "खरंय. तुमची ठळक आहे." त्यांनी आपला रुपया पुन्हा रुमालात बांधला. गाठ मारताना त्यांचा चेहरा पडला होता. "वडील सांगायचे खरा आहे म्हणून. त्यांना तरी काय माहीत असणार."

नेत्राने चहा आणला होता. तो त्यांनी घाईघाईने प्यायला, हात जोडले आणि ते निघाले. हितेश आपला रुपया परत डब्यात ठेवायला वळला. खिडकीतून त्याला दिसलं की नेत्रा छत्री घेऊन पाहुण्यांच्या मागे फाटकापर्यंत गेली, काहीतरी बोलली, आणि कॉलेजच्या दिशेला हात केला. रघू गुरव थांबले, रुमाल खिशातून काढून पुन्हा नीट आतल्या खिशात ठेवला, आणि स्टँडकडे न वळता त्या बाजूला चालायला लागले.

नेत्रा आत आली. छत्री कोपऱ्यात उभी केली.

"काय सांगितलंस त्यांना?" हितेशने विचारलं.

"विनीत सर चारपर्यंत कॉलेजात असतात, एवढंच."

हितेशने डब्याचं झाकण लावलं. मागच्या खोलीतून मशीनची घरघर येत होती, आणि तिच्यावर कमळाचं घोरणं, मोकळं, भरदार. नेत्राने रिकामा कप उचलला आणि ती स्वयंपाकघरात गेली. थोड्या वेळात तेल तापल्याचा वास आला. दार तिने लावून घेतलं नव्हतं.